संशय सुईकडून पेल्याकडे

1937 साली सोव्हिएत रशियात आसिमोव्ह आणि क्रूझे या दोन शास्त्रज्ञांनी मारलेल्या गुरांच्या पिट्यूटरी ग्रंथींचा अर्क काढला आणि दुभत्या गाईंना टोचला. गाईंचं दूध वाढलं. युद्धाच्या काळात ब्रिटनला दुधाची चणचण भासली, तेव्हा तिथेही हाच प्रयोग झाला. अर्कातला गुणकारी घटक म्हणजे वाढीचं संप्रेरक, हेही तिथेच उमगलं. पण एका गाईचं दूध वाढवायला इतक्या गुरांच्या ग्रंथी लागत, की हिशेब काही बसेना. प्रकरण तिथेच थांबलं.

1950च्या दशकात डॉक्टरांनी हेच गाईचं संप्रेरक उंची खुंटलेल्या मुलांना देऊन पाहिलं. मुलं जराही वाढली नाहीत. माणसाच्या शरीराला गाईचं वाढीचं संप्रेरक ओळखताच येत नाही. पुढे अमेरिकी सरकारला हा फसलेला उपचार फार कामाला आला.

जनुकं जोडण्याचं तंत्र हाती आल्यावर ग्रंथींची गरज संपली. जिवाणूंकडून संप्रेरक बनवून घेता येऊ लागलं. 1982 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेल बॉमन यांनी ते गाईंवर वापरलं. मोन्सॅन्टो कंपनीने त्याचं औषध केलं, नाव ठेवलं पोसिलॅक. नोव्हेंबर 1993 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मंजुरी दिली. गाय व्याल्यावर नवव्या आठवड्यापासून दर चौदा दिवसांनी 500 मिलिग्रॅमची एक सुई. सोबतच्या माहितीपत्रकातच छापलं होतं, की या गाईंना कासदाह होण्याचा धोका वाढतो.

मंजुरीमागचा युक्तिवाद साधा होता. संप्रेरक हे प्रथिन, पोटात पचून जाणार. न पचता रक्तात शिरलं तरी माणसावर त्याचा परिणाम नाही, हे त्या मुलांवरून कळलेलंच होतं. फक्त एक पळवाट उरत होती, आयजीएफ-1 नावाची. वाढीचं संप्रेरक यकृताला हुकूम सोडतं आणि यकृत हा दुसरा पदार्थ तयार करतं. पेशी वाढवण्याचं बरंचसं काम तोच करतो. त्याचा पहिला सुगावा 1957 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लागला होता, म्हणजे मोन्सॅन्टोच्याच गावात. गाईचा आणि माणसाचा आयजीएफ-1 तंतोतंत सारखा असतो, सत्तर अमिनो आम्लांची तीच साखळी. सुई घेतलेल्या गाईच्या दुधात तो थोडा जास्त असतो. सरकारचं म्हणणं होतं, की माणसाचं शरीर स्वतः रोज इतका आयजीएफ-1 बनवतं, की दुधातला खिजगणतीतही नाही.

1998 मध्ये एकाच वर्षात दोन अभ्यास आले. रक्तात आयजीएफ-1 जास्त असलेल्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग जास्त आढळला, आणि पाळी न गेलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाचा. मग काय, सुईविरोधी मोहिमेला दारूगोळाच मिळाला! नंतर अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा संबंध टिकला, पण बराच सौम्य झाला. प्रोस्टेटच्या बाबतीत सर्वांत वरच्या गटाला सर्वांत खालच्या गटाच्या सुमारे 1.4 पट धोका.

पण रक्तातला आयजीएफ-1 चढतो कशाने? कोपनहेगनमध्ये आठ वर्षांच्या मुलांना सात दिवस रोज दीड लिटर साय काढलेलं दूध पाजलं. त्यांचा आयजीएफ-1 जवळपास 19 टक्क्यांनी वाढला. तेवढीच प्रथिनं मांसातून मिळालेल्या मुलांचा वाढला नाही. हे साधं दूध होतं, डेन्मार्कच्या गाईंना सुया नव्हत्या. दुधातली प्रथिनं, मुख्यतः केसीन, आपल्याच यकृताला कामाला लावतात. वासराला भराभर मोठं करणं हेच तर दुधाचं मूळ काम. माझ्या मते या प्रकरणाचा खरा सांधा इथे आहे. सुईवर बोट रोखून लोक भांडत राहिले, आणि विचारण्याजोगा प्रश्न बिनसुईच्या पेल्यातच होता.

त्याचं उत्तर मात्र मोहीम चालवणाऱ्यांच्या सोयीचं नाही. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या 2018च्या अहवालानुसार दूधदुभत्यामुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बहुधा कमी होतो, आणि श्रेय कॅल्शियमला जातं. प्रोस्टेटचा धोका वाढत असावा, पण त्याचा पुरावा तोकडा आहे. एकच पेला दोन अवयवांना दोन तऱ्हेने लागतो, हे घोषणेत बसवणार कसं?

कॅनडाने 1999 मध्ये पोसिलॅक नाकारलं. कारण कर्करोग नव्हतं, गाय होती. तिथल्या पशुवैद्यकांच्या समितीला कासदाहाचा धोका 25 टक्क्यांपर्यंत, तर लंगडण्याचा 50 टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला. युरोपातही बंदी आली. अमेरिकेत बंदी नाही, पण 2008 मध्ये वॉलमार्टने आपल्या नावाच्या दुधातून ते हद्दपार केलं आणि त्याच वर्षी मोन्सॅन्टोने धंदा विकून टाकला. न्यू जर्सीतली मराठी मंडळी विरजणासाठी दूध आणतात, त्या डब्यावर आजही दोन ओळी शेजारी नांदतात: या गाईंना संप्रेरक टोचलेलं नाही, आणि खाली बारीक अक्षरांत, टोचलेल्या गाईंच्या दुधात लक्षणीय फरक आढळलेला नाही.

आपल्याकडे ‘दुधात हार्मोन’ म्हटलं की गोठ्यातली ऑक्सिटोसिनची बाटली डोळ्यांपुढे येते. ती गोष्टच वेगळी. ऑक्सिटोसिन दूध वाढवत नाही, पान्हा सोडवतं. पारडू मेलेली म्हैस पान्हा चोरते, तिला सुई देऊन पिळायचं. नऊ अमिनो आम्लांचं हे इवलंसं संप्रेरक पोटात गेलं तर तिथेच मोडतं. झळ बसते ती जनावराला. आधी हेच काम फुंक्याने होई, म्हणजे जनावराच्या योनीत हवा फुंकून. त्याविषयी ऐकल्यावर गांधीजींनी गाईम्हशीचं दूध सोडलं होतं. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं बारावं कलम फुंक्याला नाव घेऊन गुन्हा ठरवतं, आणि आता त्यात सुईही येते. 2018 मध्ये केंद्राने गैरवापर रोखायला ऑक्सिटोसिनचं खासगी उत्पादनच बंद करायचं ठरवलं. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं.