नकाशामागचे हात : हाइनरिख बर्गहाउस

नकाशा म्हटला की देशांच्या रंगीत सीमा आपल्या डोळ्यांपुढे येतात. लढाई झाली, तह झाला, की त्या सीमा सरकतात. परंतु वारा, पाऊस आणि समुद्रातले प्रवाह राजांच्या सीमा जुमानीत नाहीत. ते कागदावर आणण्याचे मोठे काम हाइनरिख बर्गहाउस या जर्मन भूगोलशास्त्रज्ञाने केले.

बर्गहाउस १७९७ साली क्लेव्ह येथे जन्मला. प्रशियाच्या युद्धखात्याच्या भूमापनात त्याचा हात तयार झाला. पुढे बर्लिनच्या बांधकाम विद्यालयात त्याने तीस वर्षे गणित शिकविले. थोर शास्त्रज्ञ हुंबोल्ट हा त्याचा स्नेही. सरासरी तापमान सारखे असलेली ठिकाणे एका रेषेने जोडावीत, ही युक्ती हुंबोल्टने १८१७ साली दाखविली होती. बर्गहाउसने तीच दृष्टी साऱ्या सृष्टीला लावली. हवामान, पाणी, भूस्तर, भूचुंबकत्व, वनस्पती, प्राणी आणि मानव यांचे नकाशे असलेला त्याचा ‘भौतिक नकाशासंग्रह’ १८३८ ते १८४८ या काळात गोथा येथील पेर्थेस यांच्या प्रकाशनसंस्थेने काढला.

आता जरा कारखान्यात डोकावू. त्या काळी नकाशा तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरावा लागे. एक रेघ चुकली, तर पत्रा मागून ठोकून, घासून पुन्हा कोरायचा. छपाई झाल्यावर रंग हातांनी भरायचे. एवढे हात राबले, पण पुस्तकाच्या कपाळावर नाव एकाचेच!

तरीही बर्गहाउसविषयी मला आदर वाटतो, तो एका गोष्टीसाठी. १८३९ साली त्याने पोट्सडाम येथे नकाशे काढण्याची शाळा काढली. तिथली मुले गुरूच्या शेजारी बसून खऱ्या कामावर शिकली. शाळा फार काळ टिकली नाही. विद्या मात्र टिकली. तिथला ऑगस्ट पेटरमन एडिंबरोला गेला आणि जॉन्स्टनच्या इंग्रजी भौतिक नकाशासंग्रहाला त्याने हातभार लावला. पुढे गोथा येथे त्याने १८५५ साली सुरू केलेले भूगोलाचे नियतकालिक २००४ पर्यंत चालले.

बर्गहाउस १८८४ साली वारला. डोक्याचे काम मोठे आणि हाताचे हलके, असे मानणाऱ्यांनी त्याचे चरित्र पाहावे. हुंबोल्टचे आकडे ग्रंथांत होते. हातांनी ते रेषांत उतरविले, तेव्हा शाळकरी पोरालाही समजू लागले. घरी मुलाचा नकाशासंग्रह उघडाल, तेव्हा त्यातली समतापरेषा बोटाने एकदा गिरवून पाहा.