आवाजाची चढाओढ आणि पाच कर्णे

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा गिरणी-संपाची किंवा कामगार कायद्यांची असावी. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या तबकड्यांवर बोलतो, असे आम्ही सांगितल्यावर फोनवर काही क्षण कोणीच बोलले नाही. ते साहजिकच होते. आम्हांस ना स्वरज्ञान, ना इंग्रजी गाण्यांचा लहानपणापासून सराव. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियन कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. परंतु गोंगाट हा विषय मात्र आमचा आहे. आवाज मोजण्याचे यंत्र हातात धरून आम्ही अनेक वर्षे व्यवस्थापकांशी भांडलो, आणि त्या भांडणात जे शिकलो तेच या तबकड्यांच्या इतिहासात पुन्हा भेटले.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. नाव घेण्याचे कारण नाही. पॉवर प्रेसच्या खात्यातले कामगार बहिरे होत चालले होते. आपल्याकडील नियम असा की, नव्वद डेसिबेलचा आवाज आठ तास चालेल, पंच्याण्णवचा चारच तास आणि शंभराचा दोनच तास. व्यवस्थापकांनी मीटर आणून दाखविला आणि म्हणाले, "प्रेसचा ठोका दहा वर्षांपूर्वी जेवढा होता तेवढाच आहे, तुमची तक्रार कशाची?" ठोका खरोखरच तेवढाच होता. परंतु मिनिटाला पडणारे ठोके दुप्पट झाले होते. दोन ठोक्यांमध्ये कानाला विसावा देणारी जी फट असे, ती नाहीशी झाली होती. कान एकट्या ठोक्याने बहिरा होत नाही, पाळीभर साचलेल्या आवाजाने होतो. शिखर तेच ठेवून सरासरी वाढवायची, ही ती युक्ती. रॉकच्या तबकड्यांवर नेमके हेच झाले.

जुन्या काळ्या तबकडीला निसर्गाचीच मर्यादा होती. आवाज मोठा म्हणजे खाचेची वळणे रुंद. रुंद वळणांना जागा जास्त लागते, म्हणून एका बाजूवर कमी मिनिटांचे संगीत मावते. आणि अति केले तर सुई उडते. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली आणि सुई गेली. या नव्या तबकडीला वर एक छत आहे; त्यापलीकडे आवाज जाऊच शकत नाही, गेला तर त्याचा माथा सपाट कापला जातो. परंतु छताखाली सरासरी किती असावी यावर बंधन काहीच नाही. कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा घातली तेव्हा मालकांनी मागाचा वेग वाढविला, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना पुढचे सांगावयास नको.

आता हे करतात कसे? कॉम्प्रेसर नावाचे उपकरण मोठ्या आवाजाला दाबून खाली आणते, लिमिटर शिखरे छाटतो, आणि मग दबलेले सारे संगीत एकदम वर उचलून छताला टेकविले जाते. हळू गायलेली ओळ आणि आरोळी यांची उंची जवळजवळ एक होते. यात लाभ कोणाचा? १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, आवाज हळू असला की मानवी कानाला खर्ज आणि अगदी उंच स्वर कमी ऐकू येतात. म्हणून तेच गाणे जरा मोठ्याने वाजविले की भरघोस वाटते. दुकानात दोन तबकड्या पाठोपाठ वाजल्या तर मोठी ती चांगली भासते. एका कंपनीने एक डेसिबेल वाढविला की दुसरीला वाढविणे भाग. आपण थांबलो तर आपला माल फिका दिसेल, ही प्रत्येकाची भीती. कापडाच्या बाजारात, मजुरीच्या दरात आम्ही ही भीती पाहिली आहे. तिच्यापुढे एकट्यादुकट्याची सदिच्छा टिकत नाही.

पहिल्या सीडींपासून पंचवीस वर्षांत सरासरी सुमारे दहा डेसिबेलांनी चढली. १९९५ मधील ओएसिसचा 'मॉर्निंग ग्लोरी', १९९९ मधील रेड हॉट चिली पेपर्सचा 'कॅलिफोर्निकेशन' हे या वाटेवरचे मैलाचे दगड. मध्येच १९९७ साली इगी पॉपने आपल्या १९७३ च्या 'रॉ पॉवर'चे स्वतःच नवे मिश्रण केले, आणि ते इतके कर्कश की सर्वांत मोठ्या आवाजाच्या सीडींमध्ये त्याचे नाव घेतले जाते. रीमिक्स म्हणजे सुधारणाच, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मग आला २००८ चा सप्टेंबर आणि मेटालिका या प्रख्यात जथ्याचा 'डेथ मॅग्नेटिक'. ढोलाचा प्रत्येक ठोका फाटलेला. योगायोग असा की, हीच गाणी 'गिटार हीरो' नावाच्या संगणकीय खेळातही आली. खेळणाऱ्याची चूक झाली की त्याचे वाद्य गप्प पडले पाहिजे, म्हणून खेळाला गिटार, ढोल, गळा असे सुटे धागे द्यावे लागले, आणि त्यांच्यावर शेवटचा दाब पडलाच नव्हता. मुलांनी खेळातला आवाज आणि विकत घेतलेली सीडी शेजारी ठेवून ऐकली. चोरी पकडली गेली ती अशी. पुन्हा मिश्रण करा, या मागणीवर दहा हजारांहून अधिक सह्या झाल्या. सह्यांच्या मोहिमा आम्ही पुष्कळ चालविल्या आहेत, बहुतेक टोपलीत जातात. हिचेही तसेच झाले. जथ्याच्या ढोलवादकाने त्या आवाजाचे समर्थनच केले.

आम्हांस मात्र त्या प्रकरणातला दुसरा माणूस जवळचा वाटला. टेड जेन्सन हा मास्टरिंगचा, म्हणजे अखेरचा हात फिरविणारा कारागीर. साऱ्यांनी बोट त्याच्याकडे दाखविले. त्याने कळविले की, माल त्याच्या हाती आला तेव्हाच चेपलेला होता. ओळीतल्या शेवटच्या माणसावर दोष ढकलण्याची ही रीत आम्हांस अनोळखी नाही. म्हणून आमचा पहिला प्रश्न नेहमी हा असतो की, बिघाड कोणत्या खात्यात झाला?

या प्रश्नावाचून रीमिक्सचा न्याय होऊच शकत नाही. गिरणीच्या भाषेत सांगतो. रीमास्टर म्हणजे तयार कापडाला पुन्हा इस्त्री. रीमिक्स म्हणजे सुतापर्यंत मागे जाऊन पुन्हा विणणे. इस्त्रीत जळलेले कापड पुन्हा विणता येते; सूतच जळलेले असेल तर विणकर काय करणार? रश या कॅनडातील जथ्याचा 'व्हेपर ट्रेल्स' २००२ साली निघाला. त्यांच्या ढोलवादकाची मुलगी आणि पत्नी एका वर्षाच्या आत गेल्या होत्या. त्या दुःखानंतरची ही पहिली कृती, आणि तीच आवाजाच्या चिखलात रुतली. प्रथम दोन गाणी पुन्हा मिसळून २००९ मध्ये आली, मग डेव्हिड बॉट्रिल याने सारा अल्बम नव्याने मिसळला आणि तो २०१३ मध्ये बाहेर पडला. ती मिसळणी दोन कर्ण्यांचीच आहे. पण वाद्ये एकमेकांपासून सुटी झाली, म्हणजे सूत बरेचसे शाबूत होते.

आता पाच कर्ण्यांकडे वळू. चहूबाजूंनी आवाज ही कल्पना सिनेमाची. १९४० साली डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी तशी यंत्रणा उभारली होती. आपल्याकडे १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात 'शोले' सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह लागला, हे पन्नाशीपुढील वाचकांस आठवत असेल. तबकडीवर चार कर्ण्यांचा प्रयोग सत्तरच्या दशकात झाला. तीन पद्धती, एकीचे दुसरीशी जमेना, गिऱ्हाईक कंटाळले. १९९९ आणि २००० साली एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ आल्या. पुढे तीन, मागे दोन आणि खर्जासाठी एक वेगळा, अशी ती मांडणी.

या तबकड्यांवर एक नवल दिसते. त्याच जथ्याचे तेच गाणे दोन कर्ण्यांत चेपलेले आणि पाचांत मोकळे. लोक म्हणतात, कर्णे जास्त म्हणून. हे अर्धेच खरे आहे. सहा वाटांत ओझे वाटले गेले की गर्दी कमी होते आणि दाबण्याची गरज घटते, हे मान्य. परंतु खरे कारण वेगळे आहे. या तबकड्या रेडिओवर लागत नव्हत्या, दुकानात एकमेकींशी झुंजत नव्हत्या, आणि त्या मिसळणारे कारागीर सिनेमाच्या रीतीप्रमाणे खोलीतला आवाज आधी ठरावीक पातळीला लावून मगच कामाला बसत. जेथे चढाओढ नव्हती तेथे दाबही नव्हता.

मग पारख कशी करावी? एका तरुण सहकाऱ्याच्या घरी अशी मांडणी आहे. काटकसर करून एकेक कर्णा घेतला त्याने. तेथे बसून आम्ही जी रीत ठरविली ती सांगतो. प्रथम दोन्ही प्रती कानाला सारख्या मोठ्या वाटतील अशा लावून घ्याव्यात. हे न करता दिलेला कौल म्हणजे व्यवस्थापकांचा मीटर. पुष्कळदा तेवढ्यानेच जुन्या प्रतीचा रुबाब उतरतो. मग हळू कडव्यानंतर धृपद येते तेव्हा काही घडते का, ते पाहावे. ढोलाच्या ठोक्याला टोक आहे की नुसती थाप? अर्ध्या तासाने कान थकतो का? आकड्यांवर फार विसंबू नये. चढउतार मोजणारा एक आकडा प्रचलित आहे, परंतु काळ्या तबकडीवर तो फसवा मोठा येतो, आणि पाच वाटांची गोष्ट एका आकड्यात मावत नाही.

आणि एक अवघड प्रश्न उरतो. रॉक संगीत म्हणजे भिंत. चार माणसे एकाच दमाने अंगावर येतात. त्यांना खोलीच्या चार कोपऱ्यांत उभे केले की प्रत्येकाचे बोट कोठे फिरते ते कळते, पण मोर्चा मोडतो. मोर्च्यात घोषणा मागूनही येते हे खरे. ती मागच्या लोकांची असते, पुढच्याच माणसाला उचलून मागे नेलेले नसते. मागच्या कर्ण्यांना खरे काम आहे की केवळ हजेरी, हे म्हणूनच तपासावे लागते.

फ्लेमिंग लिप्स या ओक्लाहोमाच्या जथ्याने या प्रश्नाशी पुष्कळ झुंज घेतली. त्यांनी मोटारतळावर गाड्या जमवून प्रत्येकीत वेगळी कॅसेट एकदम वाजविण्याचे प्रयोग केले, आणि १९९७ मध्ये 'झैरीका' हा चार सीडींचा संच काढला, चार यंत्रांवर एकाच वेळी लावण्याचा. त्यांचा २००२ चा 'योशिमी' दोन कर्ण्यांत चांगलाच चेपलेला आहे; २००३ मध्ये त्याची पाच कर्ण्यांची प्रत निघाली. येथे आमची कसोटी लागली. त्यांच्या ढोलाचा खरखरीत, फाटका नाद हा अपघात नव्हे. तो नाद त्यांनी आणि निर्माते डेव्ह फ्रिडमन यांनी मुद्दाम घडविला आहे. तो धुऊन काढला तर अल्बमच राहणार नाही. तेव्हा दाब दोन प्रकारचा. एक कारागिराचा, तो एखाद्या वाद्याला आकार देतो. दुसरा दुकानदाराचा, तो साऱ्या मालाला शेवटी दिला जातो. चांगल्या रीमिक्सने पहिला ठेवावा आणि दुसरा काढावा. 'योशिमी'त ढोल फाटकाच राहिला आणि त्याच्याभोवती जागा झाली, म्हणून आम्ही तिला कौल देतो. जे समीक्षक प्रत्येक खरखरीला दोष म्हणतात त्यांच्याशी आमचे जमत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. आवाज मोजण्याचे आंतरराष्ट्रीय माप २००६ साली ठरले. त्यात शिखर नव्हे, साचलेला आवाज मोजला जातो. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारकांनी त्यावरून मर्यादा घातली, त्याच वर्षी अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. २०२१ च्या जूनमध्ये ॲपलने डॉल्बी ॲटमॉस संगीत आपल्या सेवेत आणले, तेव्हा सरासरी उणे अठराच्या वर असलेला माल स्वीकारायचा नाही असा दंडक होता. पंचवीस वर्षे ज्यांना उपदेश पटला नाही ते एका नियमाने खाली आले. १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली, ती लोखंड्यांच्या चळवळीने. सर्वांना सारखी सुटी म्हटल्यावर कोणाचेच बुडाले नाही. मात्र या नव्या मालातही फसगत आहे. कारागिराला मूळ सुटे धागे न देता आधीच दाबलेले गठ्ठे दिले, तर पाच काय, बारा कर्णे लावा, चेपलेलेच बारा ठिकाणांहून ऐकू येईल.

त्या सहकाऱ्याच्या घरी आम्ही एकदा आमच्या एका जुन्या सभासदाला नेले होते. प्रेस खात्यातून निवृत्त झालेला माणूस, दोन्ही कान अधू. झांजा त्याला ऐकूच येत नाहीत. आम्ही 'योशिमी'च्या दोन्ही प्रती सारख्या आवाजात लावल्या. पहिलीत त्याला नुसता गलका लागला. दुसरीच्या वेळी तो मान वळवून एका कर्ण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "गाणारा इथं उभाय." मग सहकाऱ्याने उत्साहाने बटण थोडे वर फिरविले. म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले. अधू कानाला हळू ऐकू येत नाही आणि जरा मोठे झाले की लगेच टोचते, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते.

"कमी कर रे बाबा," तो म्हणाला, "मघा होता तेवढाच ठेव."