अशनी : वीज की दगड?

आपली मुले शाळेत ‘उल्कापिंड’ शिकतात, मराठी पुस्तकात मात्र ‘अशनी’ असते. आकाशात जळून विझते ती उल्का, जळून उरतो आणि जमिनीवर पोचतो तो अशनी. पण या शब्दाचा मूळ अर्थ काय?

आजोबा-पणजोबांच्या पिढीत अमरकोश पाठ असे. त्यात अशनी हे वज्राचे एक नाव आहे, म्हणून अशनी म्हणजे वीज असे सर्रास समजले जाते. आम्हांला हा अर्थ अपुरा वाटतो, आणि त्याला साक्ष आपल्या शेजारच्या उज्जैनची आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त आकाशातून पडणाऱ्या तेजांचे पाच प्रकार सांगितले : धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा. म्हणजे वीज निराळी, अशनी निराळा. माणसांवर, जनावरांवर, घरांवर मोठ्या आवाजाने कोसळून जमीन फाडतो, असे त्याचे वर्णन. कारण मात्र त्या काळाला साजेसे : पुण्य भोगून झालेले जीव स्वर्गातून खाली येतात!

हजार वर्षांनी जहांगिराच्या दरबारात पुन्हा वीजच आली. १६२१ साली जालंधर परगण्यात मोठ्या गडगडाटासह तेज पडले. जमीन खणली तेव्हा तापलेले लोखंड निघाले. बादशहाच्या आत्मचरित्रात त्याचे वजन १६० तोळे दिले आहे. उस्ताद दाऊदच्या हातोड्याखाली ते टिकेना, तुकडे पडू लागले. मग त्याच्या तीन भागांत एक भाग साधे लोखंड मिसळून तलवारी, कट्यार आणि सुरी घडवली. ‘विजेचे लोखंड’ हेच त्याचे नाव पडले. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रिअर संग्रहालयात आहे.

युरोपातले विद्वान तर आकाशातून दगड पडतो हेच मानत नव्हते. १७९४ साली क्लाड्नीने तसे लिहिले, तेव्हा बहुतेकांनी त्याला हसण्यावारी नेले. डिसेंबर १७९८ मध्ये बनारसजवळ दगडांचा वर्षाव झाला. ते दगड लंडनला पोचले. १८०२ मध्ये एडवर्ड हॉवर्डने ते इतर ठिकाणी पडलेल्या दगडांशी ताडून पाहिले. सर्वांत निकेल निघाले, आणि पृथ्वीवरच्या साध्या खडकांशी त्यांचे जुळेना. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल गावी हजारो दगड पडले, तेव्हा वाद मिटत आला.

बुलढाण्याच्या लोणारला तर विसाव्या शतकापर्यंत ज्वालामुखीचे मुख मानणारे भूशास्त्रज्ञ होते. १९७३ च्या सुमारास तिथे प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडली, आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे ते विवर अशनीचे ठरले. गावात अजून लोणासुराची कथा सांगतात.