थोड्या लेबलांवर शिकणारे यंत्र
* ही टीप ज्या मूळ मजकुराविषयी आहे, त्यातील उल्लेख टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचा आहे. तिथल्या प्रकल्पात २२५ स्वयंचलित कॅमेऱ्यांनी ३२ लाख फोटो टिपले. सुमारे तीन चतुर्थांश फोटोंत प्राणीच नव्हता! उरलेल्यांतून झेब्रा कोणता, तरस कोणते, हे हजारो स्वयंसेवकांनी एकेक फोटो पाहून ठरवले; असे दिलेले नाव म्हणजे ‘लेबल’.

हे कष्ट वाचवण्यासाठी संशोधक नोरूझादेह आणि सहकाऱ्यांनी दोन पद्धतींची सांगड घातली. त्यांचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ट्रान्सफर लर्निंग’ म्हणजे दुसरीकडे कमावलेली नजर इथे वापरणे. इतर लाखो चित्रांवर तयार झालेले प्रारूप कडा, पट्टे, शिंगे आधीच ओळखते; त्याला पाटीपूजनापासून सुरुवात करावी लागत नाही. ‘ॲक्टिव्ह लर्निंग’मध्ये कोणत्या फोटोचे नाव माणसाला विचारायचे, हे यंत्र स्वतः निवडते: जिथे ते अडखळते, तो फोटो आधी.

ही जोडी महत्त्वाची का? अगदी कोऱ्या यंत्राला सगळेच सारखे अनोळखी, त्यामुळे त्याच्या शंकेला सुरुवातीला काही किंमत नसते. उसनी नजर मिळाली की शंकाही नेमकी होते. दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत हे फार मोलाचे, कारण सरसकट निवडीत ते सहज निसटतात.

सेरेंगेटीच्या या फोटोंसाठी अवघ्या १४,१०० लेबलांवर पूर्वीच्या पद्धतींइतकीच अचूकता मिळाली, ९९.५ टक्क्यांहून अधिक श्रम वाचले. तरीही ती लेबले माणसांचीच होती. म्हणून मूळ मजकुरातील ‘माणसाच्या मदतीशिवाय’ हे शब्द वाचकांनी ‘माणसाच्या मोजक्या मदतीने’ असे वाचावेत. — संपादक