धुराड्यातली काजळी

गेल्या काही भागांत आपण गटाच्या वह्या, कर्जाचे हप्ते आणि शेळ्यांची लस यांवर बोललो. आज जरा लांब, युरोपातल्या व्हिएन्ना शहरात जायचंय, तेही सुमारे दीडशे वर्षं मागे. गोष्ट एका आजारी मुलीची आहे. तिच्या आजारातून मनाकडे बघायची एक नवी रीत निघाली. ती रीत कॉलेजच्या पुस्तकात असते, पण त्या मुलीचं पुढे काय झालं हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

बेर्था पापेनहाइम १८५९ साली एका श्रीमंत ज्यू घरात जन्मली. डोक्यानं तल्लख, भाषा तर पटापट शिकायची. पण सोळाव्या वर्षी तिची शाळा संपली. धाकटा भाऊ पुढे शिकायला गेला, हिच्या हातात विणकाम आलं आणि लग्नाची वाट. हे चित्र आपल्याला काही परकं नाही.

१८८० च्या उन्हाळ्यात वडील अंथरुणाला खिळले. रात्रीची सेवा बेर्थाकडे आली. काही महिन्यांत ती स्वतःच आजारी पडली. खोकला लागला, नजर तिरळी झाली, उजवा हात लुळा पडला. पुढे तर आपली मातृभाषा जर्मन तिला बोलता येईना, फक्त इंग्रजी यायची. डॉक्टरांनी नाव दिलं हिस्टेरिया. हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलेला आहे, म्हणजे बाईचं काहीही बिघडलं की दोष तिच्या पिशवीचा! नाहीतर ती सोंग करते. आपल्याकडे अशा वेळी काय म्हणतात ते आम्ही सांगायला नको. बाहेरचं लागलंय, कुणी करणी केलीय, कामाचा कंटाळा आहे.

योझेफ ब्रॉयर नावाचे डॉक्टर मात्र वेगळं वागले. ते रोज येऊन तिच्यापाशी बसत आणि तिचं ऐकून घेत. कधी तिला संमोहनाच्या झोपेत नेत. एकदा भर उन्हाळ्यात तिला पाणी पिता येईना. तहान लागायची, पेला ओठाला लागला की ती तो ढकलून द्यायची. सहा आठवडे कलिंगड-खरबुजासारख्या फळांवर काढले. मग एका संध्याकाळी तिनं सांगितलं की घरात राहणाऱ्या एका बाईच्या कुत्र्यानं पेल्यातून पाणी प्यालेलं तिनं पाहिलं होतं. किळस आली होती, पण वाईट दिसेल म्हणून ती गप्प राहिली. सगळा राग बाहेर पडला, तिनं पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायली.

हाताचंही तसंच. एका रात्री वडिलांच्या उशाशी बसल्या बसल्या तिला भास झाला, भिंतीतून काळा साप त्यांच्याकडे येतोय. ती हाकलायला गेली तर खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या हाताला मुंग्या आलेल्या, तो हलेना. त्या रात्रीची भीती हातात राहून गेली, असं ब्रॉयरना वाटलं.

या बोलण्याला बेर्थानं स्वतःच नाव दिलं, 'बोलून बरं होणं'. थट्टेत ती म्हणायची, धुराडं झाडणं. नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही, रोग्यानं दिलेलं आहे, हे आम्हाला फार आवडतं.

ब्रॉयरनी ही हकीकत सिग्मंड फ्रॉइड या आपल्या तरुण मित्राला सांगितली. १८९५ साली दोघांनी मिळून पुस्तक काढलं, त्यात बेर्थाचं नाव बदलून 'ॲना ओ.' केलं. फ्रॉइडनं पुढे त्यावर मोठा डोलारा उभारला. त्याचं म्हणणं असं, की मनाचा बराच भाग आपल्यालाच दिसत नाही. त्याला अबोध मन म्हणतात. नको असलेली आठवण, लाज वाटेल अशी इच्छा, लहानपणीची भीती आपण तिथे ढकलतो. पण ती मरत नाही, कुकरच्या वाफेसारखी वाट शोधते, कधी दुखण्यातून तर कधी स्वप्नातून. मन स्वतःला वाचवायला युक्त्याही करतं. सासूवरचा राग पोरावर निघतो ना? आपण त्याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो, मानसशास्त्रात तिला बचावयुक्ती म्हणतात.

आता दुसरी बाजू. पुस्तकात वाटतं की बेर्था बरी झाली. १९७० नंतर जुन्या दवाखान्यांची कागदपत्रं सापडली, तेव्हा कळलं की १८८२ साली तिला स्वित्झर्लंडमधल्या दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. वेदना थांबवायला दिलेल्या मॉर्फिनची सवय जडली होती. पुढची चार-पाच वर्षं तिचं दवाखान्यात जाणं-येणं चालूच राहिलं. काही डॉक्टरांना तर वाटतं की तिला मेंदूचाच काही आजार असावा. तो वाद मिटलेला नाही. फ्रॉइडचे पुष्कळ विचार तपासून बघता येत नाहीत, आणि बायकांबद्दल तो जे लिहून गेला त्यातलं बरंच आम्हाला पटत नाही. बुद्धीला खाद्य नाही, दिवस कंटाळवाणे, हे ब्रॉयरनी स्वतः लिहून ठेवलंय. तरी सगळा शोध तिच्या मनाच्या आतच घेतला गेला, बंद झालेली शाळा नि जागून काढलेल्या रात्री बाजूलाच राहिल्या.

म्हणून गटात कुणाला फिट येत असेल, हातपाय लुळे पडत असतील, तर आधी डॉक्टरांकडे न्या. मनाचं बोलायला सरकारचा टेलि-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे. आणि ऐकून घ्यायला गट आहेच.

बेर्था १८८८ मध्ये आईबरोबर फ्रँकफर्टला गेली. तिथे गरिबांच्या अन्नछत्रात वाढायला लागली, मग अनाथ मुलींचं वसतिगृह सांभाळलं. स्त्रियांच्या हक्कांवरचं मेरी वुलस्टनक्राफ्टचं पुस्तक १८९९ साली तिनं जर्मनमध्ये आणलं. १९०४ साली ज्यू स्त्रियांचा संघ उभा केला. मुलींची विक्री करणाऱ्यांविरुद्ध ती गावोगाव, देशोदेशी फिरली. १९०७ साली नॉय-इझेनबुर्गमध्ये लग्नाविना आई झालेल्या आणि घराला पारख्या झालेल्या मुलींसाठी घर काढलं.

आपल्या आजारपणाबद्दल ती जाहीरपणे कधी बोलली नाही. १९३६ साली ती गेली. दोन वर्षांनी नाझींच्या काळात तिचं ते घर जाळलं गेलं. 'ॲना ओ.' म्हणजे बेर्था, हे जगाला कळलं १९५३ मध्ये, फ्रॉइडच्या चरित्रातून. त्याच्या पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीनं तिच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं, ते मात्र तिच्या कामासाठी.