सुलतानपूरचा पत्ता आणि आफ्रिकेचा नकाशा

आफ्रिका खंडात चोपन्न देश आहेत. त्यांत नावात ‘गिनी’ असलेले तीन, ‘काँगो’ असलेले दोन, शिवाय नायजर आणि नायजेरिया शेजारी-शेजारी. ही यादी पाठ करू पाहणारा पहिल्याच दिवशी कंटाळतो, याचे नवल नाही. क्रमाविना आणि काळाविना समोर आलेली नावे स्मरणात टिकत नाहीत. या नावांना क्रम द्यायचा तर तो वर्णमालेकडून न घेता इतिहासाकडून घ्यावा. हा धागा त्याविषयी आहे. वाचकांनी शक्य असल्यास आफ्रिकेचा नकाशा समोर ठेवावा.

देशांची नावे लक्षात ठेवण्याचा प्रश्न मराठीला नवा नाही. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे एक मराठी नाटक आहे. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी, भविष्य सांगत गावोगाव फिरणारी कुरत्ती येते आणि आपण पाहिलेल्या मुलखांचे वर्णन गाऊन दाखवते. एरवी ती आसपासचे डोंगर, नद्या आणि क्षेत्रे सांगे. सरफोजींच्या नाटकात ती साऱ्या जगाचा भूगोल गाते. भटकणारीच्या तोंडी भूगोल घालण्याची ही कल्पना मोठी चतुर आहे, कारण चालणाऱ्याच्या वर्णनाला वाटेचा क्रम आपोआप लाभतो आणि गाण्याला चाल असते. पाठांतराला याहून अधिक काय हवे?

मात्र हे नाटक ज्यांच्या नावावर आहे त्यांची स्थिती विलक्षण होती. लहानपणी श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेले सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या अखत्यारीत तंजावरचा किल्ला व लगतचा परिसर तेवढा राहिला. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. स्वतःचे राज्य नकाशावरून पुसले जात असताना एक राजा घराण्याचा इतिहास दगडावर उतरवतो आणि जगाचा भूगोल गाण्यात बांधतो. याला केवळ ज्ञानाची हौस म्हणणे अपुरे वाटते.

तंजावरच्या या घराण्याचा धागा बुलढाणा जिल्ह्यातूनही जातो. शहाजीराजांची सासुरवाडी सिंदखेड राजा येथे, म्हणजे जिजाऊंच्या माहेरी. आणि तंजावरच्या भोसले गादीचे संस्थापक व्यंकोजी हे शहाजीराजांचे, तुकाबाईंपासून झालेले पुत्र. मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाताना वाटेत सुलतानपूर लागते. ते आज लोणार तालुक्यात मोडते. नकाशा पाठ करणाऱ्याला हे गाव एक महत्त्वाची गोष्ट शिकवू शकते.

सुलतानपूर कोठे आहे? १८५० साली याचे उत्तर होते: निजामाच्या राज्यात, वऱ्हाडात. १८५३ च्या तहाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. सार्वभौमत्व नावापुरते निजामाचेच राहिले आणि कागदोपत्री प्रदेशाला ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे अवजड नाव मिळाले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. १९५० पासून ते मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १९०० साली तेथे जन्मलेल्या माणसाने साठ वर्षांत घराचा उंबरठा न बदलता पाच प्रशासकीय पत्ते अनुभवले असते. निजाम-इंग्रज यांच्यातील देण्याघेण्यात वऱ्हाडच्या रयतेला कोणी विचारले नव्हते, हेही येथे नोंदवायला हवे.

आफ्रिकेचे बहुतेक नकाशे असेच तयार झाले. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपीय सत्तांनी या खंडावरील दाव्यांचे नियम ठरवले. त्या बैठकीत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. १९१४ पर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया एवढेच स्वतंत्र उरले. म्हणून पाठांतराला आरंभ या दोन नावांपासून करावा.

त्यानंतर थेट १९६० गाठावे. या एका वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. २७ एप्रिलला टोगो स्वतंत्र झाला आणि चारच दिवसांनी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्या वर्षी सुलतानपूरच्या शाळकरी मुलाला स्वतःचे राज्य नव्याने शिकावे लागले, तसाच आफ्रिकेचा नकाशाही.

सर्वांत रंजक महिना ऑगस्टचा. १ तारखेला डाहोमे, ३ ला नायजर, ५ ला अपर व्होल्टा, ७ ला आयव्हरी कोस्ट. मग ११ ला चाड, १३ ला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, १५ ला काँगो (ब्राझाव्हिल) आणि १७ ला गॅबन. सतरा दिवसांत आठ देश, तेही सगळे विषम तारखांना! आता नकाशावर बोट ठेवावे. पहिले चार देश याच क्रमाने एकमेकांना लागून आहेत. दुसरे चारही तसेच. बोट फक्त एकदा, आयव्हरी कोस्टवरून चाडवर जाताना उचलावे लागते.

हा योगायोग नव्हे. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतील पहिल्या चार देशांनी १९५९ मध्ये आयव्हरी कोस्टचे नेते उफुएत-ब्वानी यांच्या पुढाकाराने आपला एक गट केला होता. दुसरे चार हे पूर्वीच्या ‘फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिके’चे चार भाग, आणि त्यांची राजधानी ब्राझाव्हिल. म्हणजे ज्या प्रशासकीय चौकटीत हे देश पूर्वी बांधलेले होते, तिचाच ठसा स्वातंत्र्याच्या तारखांवर उमटला. एकदा हे कळले की आठ नावे घोकावी लागत नाहीत. काँगोची १५ ऑगस्ट तर भारतीय वाचकाला फुकटच मिळते. डाहोमे १९७५ मध्ये बेनिन झाले आणि अपर व्होल्टा १९८४ मध्ये बुर्किना फासो, एवढी दुरुस्ती तेवढी करावी.

उरलेल्या नऊ देशांपैकी कॅमेरून १ जानेवारीला आणि मॉरिटानिया २८ नोव्हेंबरला, अशी वर्षाची दोन टोके. मधे टोगो आणि जूनअखेरीस मादागास्कर. ३० जूनला बेल्जियमकडून सुटलेला दुसरा, मोठा काँगो. दुसऱ्याच दिवशी सोमालिया. १ ऑक्टोबरला नायजेरिया.

शेवटी दोन नावे राहतात, सेनेगल आणि माली. सेनेगल आणि फ्रेंच सुदान २० जूनला ‘माली संघराज्य’ म्हणून एकत्र स्वतंत्र झाले. बरोबर दोन महिन्यांनी, २० ऑगस्टला, सेनेगल बाहेर पडला. २२ सप्टेंबरला फ्रेंच सुदानने मोडलेल्या संघाचे नाव स्वतःकडे ठेवून माली प्रजासत्ताक जाहीर केले. त्या वर्षी जुलैमध्ये छापलेला नकाशा दिवाळीपर्यंत जुना झाला होता.