बाटलीच्या आकाराचा धनी कोण?

गोटी-सोड्याची बाटली महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? तिचें पेटंट हिराम कॉड नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें १८७२ सालीं घेतलें. वायूच्या दाबानें कांचेची गोटी तोंडाजवळील रबरी कड्यावर घट्ट बसे, आणि सोडा ओततांना ती गळ्यांतील खांचेंत अडकून राही. म्हणजे तो आकार शोभेचा नव्हे, निव्वळ कामाचा. पेटंटाची मुदत सरतांच बाटली सर्वांची झाली. आजही ती हातांत घेऊन सोडा कोणत्या कारखान्याचा हें सांगतां यावयाचें नाहीं.

दुसऱ्या एका बाटलीची कथा याहून अगदीं निराळी आहे. अमेरिकेंत कोका-कोला हें पेय पूर्वीं साध्या, सरळ बाटल्यांतून विकलें जात असे. बर्फाच्या पाण्यांत वरचा कागद सुटून जाई. शिवाय 'कोका-नोला', 'टोका-कोला' असलीं फसवीं नांवें बाजारांत फिरत होतींच. तेव्हां १९१५ सालीं कांचेच्या कारखान्यांपुढें मागणी ठेवण्यांत आली कीं, अंधारांत चाचपली अथवा फुटून जमिनीवर पडली, तरी ओळखूं येईल अशी बाटली करावी. इंडियाना संस्थानांतील टेर होट येथील रूट ग्लास कंपनीनें हें काम हातीं घेतलें. तिच्या सांचे-खात्यांतील अर्ल डीन यास कोका व कोला या वनस्पतींचीं चित्रें पाहिजे होतीं. ग्रंथालयांतील ज्ञानकोशांत सांपडलें तें मात्र कोकोच्या फळाचें चित्र, म्हणजे ज्याच्या बियांपासून चॉकलेट करतात तें फळ! पेयाशीं त्याचा सुतराम् संबंध नव्हता. परंतु त्याचें फुगीर पोट व उभ्या रेघा डीनच्या मनांत भरल्या. पहिल्या नमुन्याचें पोट बुडाहून रुंद असल्यामुळें बाटली यंत्राच्या पट्ट्यावर डळमळूं लागली. म्हणून तें बारीक करण्यांत आलें. १६ नोव्हेंबर १९१५ रोजीं पेटंट मिळालें, तें कारखान्याचे अधिकारी अलेक्झांडर सॅम्युएल्सन यांच्या नांवें. घडविणारा एक आणि कागदोपत्रीं नांव दुसऱ्याचें, हा प्रकार कांहीं नवा नव्हे.

अशा पेटंटास १४ वर्षांची मुदत होती. १९२३ व १९३७ सालीं आणखी पेटंटें मिळविण्यांत आलीं, तरी मुदत ती मुदतच. पेटंट हें कल्पकतेचें बक्षीस होय. तें केव्हां तरी संपतें व कल्पना लोकांच्या स्वाधीन होते. व्यापारचिन्हाचें तसें नाहीं. माल कोणाचा हें तें सांगतें, आणि वापर व नोंदणी चालू असेपर्यंत तें अक्षय राहतें. मग नुसता आकारच व्यापारचिन्ह मानला तर? अमेरिकेनें १२ एप्रिल १९६० रोजीं त्या बाटलीची तशी नोंद केली.

इंग्लंडांत मात्र १९८६ सालीं हाउस ऑफ लॉर्डस् या वरिष्ठ न्यायपीठानें तीच मागणी फेटाळली. १९३८ च्या कायद्याप्रमाणें चिन्ह हें मालावर उमटवावयाचें. बाटली हें तर मालाचें पात्र. पात्र व चिन्ह एक कसें होणार? लॉर्ड टेंपलमन यांना यांत पात्रांच्या आकारांवरील मक्तेदारीचें भय दिसलें, आणि तें भय पोकळ नव्हतें. एकानें एक आकार कायमचा घेतला, दुसऱ्यानें दुसरा, तर नव्या कारखानदारानें माल भरावा कशांत?

पुढें १९९४ सालीं इंग्लंडानें कायदा बदलून आकारास स्थान दिलें. भारताचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलांत आला. त्यांतही मालाचा व वेष्टनाचा आकार आला आहे. परंतु सोबत कुंपण आहे. जो आकार मालाच्या स्वभावांतूनच येतो, जो यांत्रिक कार्यासाठीं अवश्य आहे, किंवा ज्यामुळें मालास खरें मोल चढतें, त्याची नोंद होत नाहीं. कॉडच्या बाटलीसारख्या आकारास हें दार बंदच.

या कुंपणाची कसोटी युरोपांत एका खेळण्यावरून लागली. लेगो या डॅनिश कंपनीच्या ठोकळ्यांवरील गोल उंचवटे एकमेकांत घट्ट बसतात. १९५८ सालीं त्यांच्या पेटंटासाठीं अर्ज झाला होता. पेटंटें संपल्यावर कंपनीनें ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून नोंदविला, आणि एका प्रतिस्पर्ध्यानें हरकत घेतली. ठोकळा जगभर ओळखीचा होता यांत शंका नाहीं. पण उंचवटे ठोकळे जोडण्यासाठीं होते. १४ सप्टेंबर २०१० रोजीं लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें नोंदणी रद्द झाल्याचा निर्णय कायम केला, आणि तसेच ठोकळे करण्याची वाट इतर कारखान्यांस मोकळी राहिली.